कोरा गुरुवार

मिलिंद,

तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. कळवायच्या लोकांची यादी मी दुसऱ्याच दिवशी केली होती. सदतीस नावं. पुण्याची आधी, मग ऑकलंडची, मग तुझ्या ऑफिसातली, मग माझ्या. प्रत्येक नावापुढे फोन कोण करणार तेही लिहिलं. प्रज्ञा म्हणाली, "मम्मा, यू डोन्ट हॅव टू डू धिस टुडे." मी म्हटलं, मग कोण करणार आणि कधी?  मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि अर्धी नावं तिने घेतली. पोरगी शेवटी माझी आहे.

छत्तीस नावांवर तीन दिवसांत खूण झाली. सदतिसावं राहिलं. मिस व्हर्ना, कास्टारा, टोबॅगो. रोज सकाळी मी ते नाव बघायचे आणि काहीतरी कारण काढायचे. तिथे आत्ता ती शिवणाला बसली असेल. आत्ता चर्चला गेली असेल. खरं कारण वेगळं होतं. गेल्या वर्षी तिथून निघायच्या आदल्या दिवशी आपल्यात जे झालं त्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तो गुरुवार तू कसा काढलास, रागात की दुःखात की नुसताच झोपून, हे मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त तिला. आणि तिने काय सांगितलं असतं याची मला भीती वाटत होती.

पुण्यानुमोदन परवा झालं. भंतेजी आले होते. आपल्या गावातला, अप्पर हटचा तो छोटा हॉल घेतला, आपण प्रज्ञाच्या वाढदिवसाला घ्यायचो तोच. त्रिशरण-पंचशील तुझ्या भावाने दापोडीहून व्हिडिओवर म्हटलं. नेट मागे-पुढे होत होतं, त्यामुळे इथली तीस माणसं 'धम्मं सरणं'वर पोचली तरी दादा अजून 'बुद्धं'वरच. तू असतास तर हसू दाबायला बाहेर पार्किंगमध्ये गेला असतास. मी दोनदा दाराकडे बघितलं.

नंतर लोक बोलले. सगळे एकच बोलले, मिलिंद फार शांत माणूस. तू शांत नव्हतास, तू आळशी होतास. हे मी सत्तावीस वर्षं तुझ्या तोंडावर सांगत आले, म्हणून आत्ताही तुलाच सांगते. तुझ्या ऑफिसातला तो उंच इंजिनियर, त्याने 'किया ओरा' असा माओरी नमस्कार केला आणि हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला. शेवटी एवढंच म्हणाला की मिलिंदने सही केलेलं ड्रॉइंग आम्ही परत तपासायचो नाही. ते मात्र खरं. घरातलं काही तपासायचा नाहीस, पण पाइपांच्या बाबतीत तुझ्यासारखा काटेकोर माणूस नव्हता.

*

टोबॅगोचं खूळ तुझं. लहानपणी रेडिओला कान लावून क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ऐकलेली नावं, पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, किंग्स्टन. मी विचारलं, मॅच बघायची आहे का? तू म्हणालास, "मॅच नको. नुसतं ते नाव जिथे आहे तिथे कसं असतं ते बघायचंय." लोक म्हणाले, अरे, रारोटोंगाला जा, चार तासांत पोचाल, घरून रबरी जँडल्स घालून निघा, तिथेही समुद्रच आहे. तुझं उत्तर ठरलेलं होतं, "इथला समुद्र मला ओळखतो. त्याच्यात जाणारे अर्धे पाइप मी टाकलेत."

बेट मी निवडलं. सगळ्यांत छोटं, म्हणजे दहा दिवसांत सगळं बघून होईल. २०१२ साल, आपल्या लग्नाला वीस वर्षं. आई त्या वर्षी इकडे आल्या होत्या, चौदा वर्षांची प्रज्ञा त्यांच्याकडे ठेवली आणि निघालो.

आणि मी चुकले. ते तू पुढे इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलंस की मी सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, पण तू त्यात मीठ-मसाला फार घालायचास. झालं एवढंच की आपण शनिवारी निघालो. सगळा प्रवास धरून दीड दिवस. मी शनिवारमध्ये दीड दिवस मिळवला आणि सोमवारपासून खोली घेतली. बत्तीस नर्सेसच्या पाळ्यांचं रोस्टर लावणारी बाई मी, कधी एक पाळी चुकली नाही. पण वाटेत तारखेची रेघ ओलांडताना न्यूझीलंडचा माणूस एक दिवस मागे जातो, हे डोक्यातच आलं नाही. आपण कास्टारात पोचलो तेव्हा रविवारची संध्याकाळ होती.

मिस व्हर्ना दारात आली तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. एकेक काढून बाहीला टोचत म्हणाली, "डार्लिंग, तुम्ही उद्या येणार आहात."

मी छापील बुकिंग पुढे केलं. "आजच. सोमवार."

तिने वाचलं. मग भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर दाखवलं. मी म्हटलं, शक्य नाही. तिने शांतपणे विचारलं, "मी सकाळी चर्चला जाऊन आले, डार्लिंग. मग मी कुठल्या दिवशी गेले?"

तू पायरीवर बसून पोट धरून हसत होतास. "हेडबाई चुकल्या! प्रज्ञाला फोन लावा. नाही, आईंना लावा आधी."

खोल्या भरलेल्या होत्या. तिने आपल्याला शिवणाच्या खोलीत गादी टाकून दिली. चारही बाजूंना शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, हिरवे स्कर्ट छतापर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की माझ्या यादीत सोमवारपुढे एकच शब्द आहे, 'पोचणे'. आपण तर पोचलो होतो. अख्खा दिवस समोर मोकळा.

तो दिवस तुझ्या दृष्टीने आयुष्यातला सगळ्यांत भारी दिवस. तू म्हणायचास, आपण दोघं पायरीवर बसून राहिलो आणि काहीही केलं नाही. साफ खोटं. तू बसून राहिलास. मी मिस व्हर्नाच्या अठरा स्कर्टांना हुक लावले. खालच्या वाळूत कोळी जाळं ओढत होते, कोंबड्या फिरत होत्या, तू मध्येच उठून दोन रोट्या घेऊन आलास, आत हरभऱ्याचं कालवण भरलेल्या. कोपऱ्यावरच्या त्या रोटीवालीचे पणजोबा बिहारकडचे. तिने तुला विचारलं म्हणे, तुमच्याकडेही रोटी करतात का? तू सांगायचास, "म्हटलं, बायको करते कधीमधी, यादीत असली तर."

पण एक तू म्हणायचास ते खरं. त्या दिवशी मी बोलले. हात हुकांत गुंतलेले होते म्हणून असेल. न्यूझीलंडला आल्यावर पहिल्या वर्षी मला नोकरी मिळत नव्हती तेव्हा मी रोज तयार होऊन ट्रेनने वेलिंग्टनला जायचे आणि स्टेशनवर बसून परत यायचे, हे मी तुला त्या पायरीवर सांगितलं. बारा वर्षांनी. तू तोपर्यंत समजत होतास की मी कोर्सला जाते. तू स्कर्टांचा गठ्ठा जरा सरकवून जवळ बसलास आणि सुईत दोरा ओवून द्यायला लागलास. पुढचे सगळे दोरे तूच ओवलेस.

*

मग सहा वर्षं तुझं एकच, परत जाऊ. आणि माझं एकच, एकदा बघितलेलं परत काय बघायचं? जग एवढं मोठं पडलंय.

"अगं, पहिल्यांदा आपण बघतच नाही. टॉयलेट कुठे, बस कुठे, पासपोर्ट कुठे, हेच शोधत असतो. बघणं दुसऱ्यांदा सुरू होतं."

"मग आधी अप्पर हटच दुसऱ्यांदा बघ. मागच्या गटारीत पानं साठलीत."

असे आपले संवाद. कधी छप्पर गळलं, कधी प्रज्ञाची परीक्षा, कधी माझ्याकडे माणसं कमी. २०१८ला प्रज्ञा नोकरीला ऑकलंडला गेली आणि माझी कारणं संपली. मी तयार झाले. तू अट घातलीस. दहा दिवसांची यादी कर, माझी हरकत नाही, पण एक दिवस कोरा सोडायचा. मी वहीत लिहिलं, 'गुरुवार', आणि पुढची ओळ मोकळी ठेवली. तू पेन घेतलंस आणि ड्रॉइंगवर करायचास तशी त्या मोकळ्या ओळीखाली सही ठोकलीस. 'तपासले. मंजूर.'

ती सुट्टी किती छान होती हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता लिहून ठेवते. या वेळी तारीख बरोबर होती. मिस व्हर्नाने वरची खोली दिली, समुद्राकडची. तिचे गुडघे दुखत होते, पण मशीन चालू होतं. तिने तुला मिठी मारली आणि मला म्हणाली, "आज खरंच आज आहे ना, डार्लिंग?"

मी पन्नाशीत पहिल्यांदा टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घातले. अप्पर हटच्या दुकानात ट्रायल रूममधून बाहेर येईना म्हणून तू बाहेरून ओरडला होतास, "जास्तीत जास्त काय होईल? मासे हसतील." कास्टाराच्या पाण्यात तू माझ्या मानेखाली हात धरून मला तरंगायला शिकवलंस. पाणी कोमट, तळ दिसतोय, आणि मी लाकडासारखी ताठ.

"पाय सोड."

"सोडलेत."

"कुठे सोडलेत? अंगठ्याने वाळू चाचपतेयस."

"मिलिंद, हात काढलास तर घटस्फोट."

"इथे वकील कुठे शोधशील?"

"यादी करीन."

तू इतका हसलास की खरोखरच हात सुटला आणि मी नाकातोंडात पाणी जाऊन उभी राहिले. कमरेइतकंच पाणी होतं. तरी तुझ्याशी दोन तास बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी तरंगले. चौथ्या दिवशी डोळे मिटून तरंगले. संध्याकाळी आपण कोळ्यांच्या होड्यांपर्यंत चालत जायचो आणि परत. तू रोज त्याच जागी थांबून म्हणायचास, "बघ, हे मागच्या वेळी बघितलंच नव्हतं." मी म्हणायचे, होतं की, हीच होडी होती. ती होडी निळी होती आणि तू बरोबर होतास. मागच्या वेळी मला तिचा रंगसुद्धा दिसला नव्हता. हेही मी तुला सांगितलं नाही, कारण तू जिंकला असतास.

*

बुधवारी संध्याकाळी मी खाली पाटी बघितली. उद्या व्हॅन आर्गाइलच्या धबधब्याला जाणार, बारापर्यंत परत. पहिल्या खेपेला तो माझ्या यादीत होता आणि राहून गेला होता. मी नाव लिहून टाकलं. तुला सकाळी नाश्त्याला सांगितलं.

तू आधी चेष्टेवारी नेलंस. "आयुष्यभर पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं तेच बघतोय मी. सुट्टीत पण तेच?"

"धबधबा आहे तो. ड्रेनेज नाही."

"तत्त्व एकच."

मी हसले, टोपी घेतली. मग तू म्हणालास, "वंदना, आज गुरुवार आहे."

तू मला नावाने हाक मारलीस की प्रकरण गंभीर, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "बारापर्यंत येते. उरलेला दिवस तुझाच."

"तसा उरत नाही दिवस."

"तुझं काय जातंय? तू बसून राहणार. घरीही बसतोस. मला इथे परत कोण आणणार आहे?"

"मी."

हा शब्द मला आता खूप त्रास देतो. तेव्हा दिला नाही. मी सँडलचा पट्टा लावत होते. तू एवढंच म्हणालास, "एक वाजता जेवू. नक्की?" मी म्हटलं, "एक वाजता," आणि गेले.

धबधबा सुरेख होता. ते नंतर सांगते. आधी जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. साडेअकराला आम्ही गाडीपाशी आलो. व्हॅन चालवणारे लॉइडकाका, मिस व्हर्नाचे चुलतभाऊ, सत्तरीचे, त्यांनी विचारलं की जवळच कोकोचा मळा आहे, कुणाला बघायचा असेल तर नेतो, मग मात्र परतायला चार-पाच वाजतील. ज्यांना हवं त्यांनी हात वर करा. नाहीतर सरळ घरी. आम्ही तिघीच होतो. दोन जर्मन बायका, त्यांचं एकमत होईना, एकीचा हात वर, एकीचा खाली. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ बघितलं. आणि हात वर केला.

का, ते मी गेले सोळा दिवस शोधते आहे. थोडं कोको बघायचं होतं म्हणून. थोडं, बसू दे एकटा, बसायची एवढी हौस आहे तर, म्हणून. दुसरं जास्त होतं.

पाच वाजता आले. तू पायरीवर होतास. तू काही विचारायच्या आत मीच म्हणाले, "रस्त्यात झाड पडलं होतं."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "बरं. चहा घेणार?"

संपलं. ना भांडण, ना अबोला. शुक्रवारी निघालो. परतताना विमानात एक अख्खा दिवस गळून पडतो, त्या नसलेल्या दिवसात तरी आपण बोललो असतो का, असं मी खिडकीतून बघत विचार करत होते. तू झोपला होतास. घरी आलो, वॉशिंग मशीन लावलं, सोमवारी तू तुझ्या पाइपांकडे आणि मी माझ्या पाळ्यांकडे. त्यानंतर सव्वा वर्ष गेलं. त्या मंगळवारी अकरा वाजता तुझ्या ऑफिसातून फोन आला. पुढचं लिहीत नाही, तुझ्याशिवाय ते कुणालाच नीट माहीत नाही.

*

आज सकाळी मी फोन लावला. इथे नऊ वाजले होते, तिथे काल संध्याकाळचे पाच. मशीनचा आवाज येत होता. मी सांगितलं. आवाज थांबला. तिने हळू आवाजात प्रार्थना म्हटली, मीही थांबले. मला वाटलं आता ठेवावा फोन, खूण करावी. तेवढ्यात ती म्हणाली, "मला त्या पिवळ्याची कृती पाठवणार होता तो. विसरला शेवटपर्यंत."

"कुठलं पिवळं?"

"गुरुवारचं. तू धबधब्याला गेलीस तेव्हाचं."

मी म्हटलं, मला काही माहीत नाही. ती म्हणाली, "तुला सांगितलंच नाही त्याने?"

मिलिंद, तू पिठलं केलं होतंस.

तू, ज्याला कुकरच्या किती शिट्ट्या विचारलं तर 'गरजेनुसार' म्हणायचास. मी गेल्यावर तू रोटीवालीकडून डाळीचं पीठ आणलंस. मिस व्हर्नाचं स्वयंपाकघर मागून घेतलंस. तिला खुर्चीत बसवलंस आणि सांगितलंस की आज माझ्या बायकोला काही करू द्यायचं नाही, तिला बसवायचं आणि वाढायचं. कांदा चिरायला तुला वीस मिनिटं लागली. गुठळ्या झाल्या, त्या तू चमच्याने भांड्याच्या कडेला दाबून फोडत बसलास, एकेक. तिथली ती छोटी फुगीर मिरची, जी लोक कालवणात अख्खी टाकून फुटायच्या आत काढून घेतात, ती तू बारीक चिरून घातलीस. मिस व्हर्ना नको नको म्हणत होती. "मी म्हटलं, मिस्टर मिलिंद, ती मिरची चर्चमधल्या सगळ्यांना पुरेल. तो म्हणाला, माझी बायको दापोडीची सून आहे."

एक वाजता तू दोन ताटं मांडलीस. भात झाकून ठेवलास.

"दोन वाजता तो रस्त्यापर्यंत जाऊन आला," ती म्हणाली. "मग परत एकदा गेला. तीनला मला म्हणाला, मिस व्हर्ना, जेवूया. तोपर्यंत ते इतकं घट्ट झालं होतं की सुरीने कापलं. आम्ही दोघं खात होतो आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी. मिरचीचंच असेल, डार्लिंग. मी विचारलं नाही."

 मग मी ज्याची भीती होती ते विचारलं. झाडाचं सांगितलं का त्याने तुम्हाला? रस्त्यात झाड पडलं होतं ते?

ती हसली. मला हसण्याची अपेक्षा नव्हती. मग तिने सांगितलं की मळ्यावरून आल्यावर मी आंघोळीला गेले होते, तेव्हा लॉइडकाका पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले होते. तुलाच सांगायला लागले, तुझी बायको फार हुशार, कोकोबद्दल चाळीस प्रश्न विचारले तिने, मळ्याचा मालक थकला. मिस व्हर्नाला कुठे बघावं कळेना. तू मात्र टेबलावर हात मारून हसलास आणि म्हणालास, "तिला सांगू नका मला कळलंय. नाहीतर ती माफी मागायचं यादीत घालेल आणि मला वेळ देईल, सोमवार सव्वाचार."

मी फोनवर रडले. सोळा दिवसांत पहिल्यांदा. मिस व्हर्नाने मला रडू दिलं. मग म्हणाली, कृती तूच पाठव, पण मिरचीशिवायची.

तर तुला माहीत होतं. सव्वा वर्ष. आणि आता एकेक आठवतंय. ट्रेन चुकून मला उशीर झाला की तू दार उघडताना विचारायचास, "काय गं, झाड पडलं होतं का?" मी म्हणायचे, नाही रे, ट्रेन. मला वाटायचं किती साधा माणूस, अजून ते झाड लक्षात ठेवून आहे! प्रज्ञा ऑकलंडहून यायला उशीर करायची तेव्हा तिलाही तू हेच विचारायचास. तिला संध्याकाळी सांगितलं तर ती हसत सुटली, मग एकदम थांबून म्हणाली, "ही न्यू ऑल अलाँग? ओह, पपा." आणि मग मराठीत, जी एरवी ती बोलत नाही, "पण मग दोन वेळा रस्त्यावर का गेला?"

तेच. हसलास ते सहा वाजता. दोन वाजता तू हसत नव्हतास. तू माफ केलंस, त्याची चेष्टा केलीस, वर्षभर ती माझ्यासमोर नाचवलीस, पण त्या दोन फेऱ्या तू कुणाला सांगितल्या नाहीस. त्या माझ्या वाट्याच्या आहेत. त्या मी घेते.

पण भांडण अर्धं ठेवून जाऊ देणार नाही. तू सांगायला हवं होतंस. 'मी स्वयंपाक करणार आहे' एवढे चार शब्द. सही करताना तुझा हात कधी अडला नाही, हे बोलताना का अडला? म्हणे तिला न कळता करायचं. अरे, मला न कळता काही केलं की मी वेळेवर कशी येणार? आणि तू नुसतं बसून राहणार हे मी धरून चालले होते, ती माझी चूक. सत्तावीस वर्षं मी तुला बसलेलाच बघितला आणि तू उठशील तो दिवस नेमका मी घरी नव्हते.

धबधबा खरंच चांगला होता, मिलिंद. तीन टप्प्यांत पडतो. वरच्या टप्प्याला जायला मुळांना धरून चढावं लागतं, मी चढले. पाणी इतकं थंड की आपल्या हट नदीची आठवण झाली. मी तिथे एका दगडावर चांगली दहा मिनिटं बसले, काहीही न करता, आणि मनात तुझ्याशीच बोलत होते की बघ, हे पाइपातून येत नाही. तू यायला हवं होतंस. अजूनही माझं तेच म्हणणं आहे, एकदा बघायचं राहिलेलं बघून घ्यावं. तो गुरुवार परत मिळाला तरी मी धबधब्याला जाईनच, उगाच खोटं कशाला बोलू. फक्त साडेअकराला हात खाली ठेवीन. एकला पाच कमी असताना तुझ्यासमोर येऊन बसेन, गुठळ्यांबद्दल एक अक्षर बोलणार नाही, आणि म्हणेन, वाढ.